रिमोट: लहरींची भीती, झाकणाकडे दुर्लक्ष

मे महिन्यातली दुपार. शिंदखेड्यात पारा चव्वेचाळीसच्या आसपास. कूलर घरघरतो आहे, पश्चिमेचे दार अर्धवट उघडे आहे आणि दारातून आलेला उन्हाचा पट्टा नेमका टीव्हीवर पडला आहे. खाटेवरून आजोबा रिमोटचे बटण दाबतात, टीव्ही ढिम्म. मग खानदेशातच काय, महाराष्ट्रातल्या घराघरांत होतो तो उपचार सुरू होतो. रिमोट तळहातावर दोनदा आपटायचा, सेल बोटाने गोल फिरवायचे, झाकणावरची चिकटपट्टी पुन्हा दाबून बसवायची. शेवटी कोणीतरी निकाल देते, 'सेल गेले, नवे आणा.' पुष्कळदा सेल ठणठणीत असतात. आडवे आलेले असते ते ऊन. दार लोटले की टीव्ही मुकाट सुरू होतो.

अशा घरात नवा स्मार्ट टीव्ही आला की त्याच्यासोबत वेगळ्या जातीचा रिमोट येतो. तो टीव्हीकडे रोखावा लागत नाही, पांघरुणाखालूनही चालतो, त्याच्याशी बोलताही येते. दुकानदार त्याला 'ब्लूटूथवाला' म्हणतो. घरात दोन प्रश्न हमखास विचारले जातात. हा जुन्यापेक्षा चांगला का? आणि भिंतीतून जाणाऱ्या याच्या लहरींनी घरातल्यांना काही होत तर नाही ना? दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरेही सरळ आहेत. पण तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही: या रिमोटचा सेल रांगत्या बाळाच्या हाती लागेल का? आरोग्याच्या दृष्टीने खरा प्रश्न हाच आहे, आणि रिमोटच्या बाबतीत आपली काळजी नेमकी चुकीच्या जागी खर्च होते.

आधी दोन जाती समजून घेऊ. जुना रिमोट इन्फ्रारेड, म्हणजे अवरक्त किरणांवर चालतो. हे किरण म्हणजे प्रकाशच; फक्त आपल्या डोळ्यांना न दिसणारा. १८०० साली विल्यम हर्शेल यांनी सूर्यप्रकाशाचे रंग लोलकाने वेगळे केले आणि तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हते तिथे, तापमापी ठेवली. तिथेही पारा चढला. रिमोटच्या टोकाला असलेला काचेच्या मण्यासारखा लहान दिवा तसलाच अदृश्य प्रकाश फेकतो. त्याची तरंगलांबी साधारण ९४० नॅनोमीटर असते. डोळ्यांना तो दिसत नसला तरी मोबाइलच्या कॅमेऱ्याला बहुधा दिसतो. सेल्फीचा कॅमेरा सुरू करून रिमोटचे टोक त्याच्यासमोर धरावे आणि बटण दाबावे. पडद्यावर जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकला तर रिमोट आणि सेल दोन्ही ठीक आहेत. नवे सेल आणायला निघण्याआधी हा तपास फुकटात होतो.

हा दिवा नुसता पेटत नाही, तो सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा लुकलुकतो. टीव्हीतला संवेदक नेमक्या याच लुकलुकण्याला ओळखतो आणि बाकीचा प्रकाश बाजूला टाकतो. म्हणून घरातला दिवा लावल्याने टीव्ही आपोआप बंद पडत नाही. या लुकलुकीचे लहान-मोठे तुकडे करून बटणाचा सांकेतिक क्रमांक पाठवला जातो. सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका पद्धतीत एका दाबाचा पूर्ण संदेश जेमतेम ६७ मिलिसेकंदांत संपतो. पण थेट ऊन पडले की संवेदक दिपून जातो. समोरून ट्रकचे प्रखर दिवे आले की हातातल्या बॅटरीचा उजेड जसा हरवतो, तसेच हे. टीव्हीच्या त्या काळ्या खिडकीवर खानदेशातल्या धुळीचा थर बसला असेल तरीही हेच होते. ओल्या नव्हे, कोरड्या मऊ फडक्याने ती पुसली तर अर्ध्या तक्रारी मिटतात.

प्रकाशाचे सगळे गुणदोष या रिमोटला लागू पडतात. भिंत लागली की तो थांबतो. मध्ये माणूस उभा राहिला की अडतो. मात्र चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवरून तो परावर्तित होतो. म्हणून कधी कधी पाठीमागच्या भिंतीकडे रोखलेला रिमोटही टीव्ही चालवतो.

दुसरी जात रेडिओ लहरींची. ब्लूटूथ रिमोट सहसा २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतो. याच पट्ट्यात घरातले वायफाय चालते. केंद्र सरकारने २००५ साली ठरावीक शक्तीच्या मर्यादेत हा पट्टा परवानामुक्त केला, म्हणून ही उपकरणे वापरायला कोणालाही परवाना काढावा लागत नाही. या लहरींची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे अवरक्त किरणांच्या लाखाहून अधिक पट. त्या लाकडातून, कापडातून, विटांच्या भिंतीतूनही पलीकडे जातात. भिंत जाड असेल तर थोड्या क्षीण होतात. धाब्याच्या घराच्या जाडजूड मातीच्या भिंतीत त्यांचा जोर अधिक ओसरतो. लोखंडी कपाट किंवा पत्रा मात्र त्यांना परतवून लावतो. सेटटॉप बॉक्स लोखंडी शोकेसमध्ये बंद करून ठेवला तर रेडिओ रिमोटही रुसतो.

भिंतीपलीकडे हुकूम पाठवण्याची ही करामत भारताला नवी नाही. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये अदृश्य विद्युतलहरींनी भिंतींपलीकडची घंटा वाजवून दाखवली होती आणि बंदुकीची दारू पेटवली होती. आज सोफ्यावर बसून आवाज वाढवणारा रिमोट त्याच विज्ञानाचा धाकटा वंशज आहे.

पण भिंत ओलांडण्याची ताकद हीच रेडिओची अडचणही आहे. अमेरिकेतल्या झेनिथ कंपनीने १९५५ साली 'फ्लॅश-मॅटिक' नावाचा बिनतारी रिमोट आणला. तो साध्या दृश्य प्रकाशाचा होता. टीव्हीच्या चार कोपऱ्यांत संवेदक होते आणि त्यांच्यावर झोत टाकायचा. ऊन पडले की टीव्ही स्वतःच्या मर्जीने चॅनेल बदलू लागे. दुखणे उन्हाचेच, शिंदखेड्यातल्या दुपारसारखे. फक्त उलट्या बाजूने. मग रेडिओ का नको, असा विचार झाला, पण त्या लहरी शेजाऱ्याच्या घरात शिरून त्याचा टीव्ही चालवतील ही भीती होती. म्हणून १९५६ साली रॉबर्ट अॅडलर यांचा ध्वनीवर चालणारा रिमोट आला. माणसाला ऐकू न येणारा तो आवाज भिंतीच्या आतच राहत असे. पुढे १९८०च्या दशकात अवरक्त रिमोटने त्याची जागा घेतली. आपल्याकडे मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, १९८२ साली रंगीत प्रक्षेपण आले. पण त्यानंतरही बरीच वर्षे पुष्कळ घरांत रिमोट म्हणजे घरातले सगळ्यात धाकटे पोरच होते. 'ऊठ रे, बटण फिरव' एवढा हुकूम पुरे असे.

शेजाऱ्याची ती अडचण आता 'पेअरिंग'ने सुटली आहे. रेडिओ रिमोट आणि टीव्ही यांची आधी एकमेकांशी ओळख करून द्यावी लागते. त्यानंतर तो टीव्ही फक्त त्याच रिमोटचे ऐकतो. शिवाय ही बोलाचाली दोन्ही बाजूंनी आणि वेगाने होते. रिमोटवर बोललेले शब्द टीव्हीपर्यंत पोचतात ते यामुळेच. अवरक्त रिमोटच्या संथ, एकमार्गी लुकलुकीतून माणसाचा आवाज जाणे शक्य नाही.

आता आरोग्याच्या शंकेकडे. 'भिंतीतून जाते म्हणजे शरीरातूनही जाणार आणि इजा करणार,' असा तर्क अनेक जण करतात. पण एखादी लहर किती पार जाते यावर ती किती घातक हे ठरत नाही. शरीरातल्या रेणूंची मोडतोड करायला प्रत्येक प्रकाशकणात पुरेशी ऊर्जा लागते. ती क्ष-किरणांत असते, गॅमा किरणांत असते. गंमत अशी की ज्या जुन्या रिमोटला कोणी कधी घाबरले नाही, त्याच्या अवरक्त कणाची ऊर्जा ब्लूटूथच्या रेडिओ कणापेक्षा सुमारे १ लाख ३० हजार पट जास्त असते. तरीही ती रेणूंमधून इलेक्ट्रॉन उखडण्याइतकी नसते, मग रेडिओची बातच सोडा. रेडिओ लहरींचा शरीरावर होणारा सिद्ध परिणाम म्हणजे तापवणे, आणि त्यासाठी शक्ती लागते. ब्लूटूथ रिमोट सहसा काही मिलिवॉट शक्तीने बोलतो, तोही बटण दाबल्यावर क्षणभर. कानाला लावलेला मोबाइल गरजेप्रमाणे याच्या कित्येक पट शक्तीने प्रक्षेपण करतो. त्या मोबाइलसाठीही भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून प्रति किलो १.६ वॉट ही शोषणाची कमाल मर्यादा लागू आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ साली रेडिओ लहरींना 'कदाचित कर्ककारक' या गटात घातले, हा दाखला चर्चेत हमखास येतो. तो खरा आहे, पण अर्धा. ते वर्गीकरण मुख्यतः मोबाइलच्या प्रदीर्घ वापरावरच्या मर्यादित पुराव्यावर बेतलेले होते. पुरावा किती भक्कम हे ते सांगते, धोका किती मोठा हे सांगत नाही. याच गटात आशियाई पद्धतीच्या खारवलेल्या भाज्याही आहेत. दिवसातून पन्नास वेळा क्षणभर बोलणाऱ्या रिमोटला घाबरून झोप उडवण्याचे कारण त्यात नाही. लहरींच्या भीतीने कोणी नवा रिमोट नाकारू नये, आणि 'लहरी रोखणारे' म्हणून विकल्या जाणाऱ्या चिकटपट्ट्यांवर पैसे उधळू नयेत.

मग धोका कुठे आहे? रिमोटच्या पाठीवर, झाकणाखाली.

टीव्हीच्या रिमोटमध्ये बहुधा बोटाएवढे दोन पेन्सिल सेल असतात. पण रंगीत दिव्यांच्या माळा, म्युझिक सिस्टीम, काही पंखे, गाडीतला प्लेअर यांच्यासोबत येणाऱ्या चपट्या रिमोटमध्ये नाण्यासारखा चकचकीत बटण-सेल असतो. यातले काही रिमोट इन्फ्रारेड असतात, काही रेडिओ; सेल मात्र तोच. सर्रास दिसणाऱ्या सीआर २०३२ या सेलचा व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर आणि दाब ३ व्होल्ट. लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकायला नेमके हेच माप पुरते. सेल अडकला की ओलसर आतल्या आवरणातून विजेचा प्रवाह वाहू लागतो आणि सेलच्या ऋण बाजूला तीव्र अल्कली तयार होते, कॉस्टिक सोड्यासारखी. सेल फुटावा लागत नाही, गळावा लागत नाही. दोन तासांच्या आत अन्ननलिका गंभीर भाजू शकते. पुढे तिला भोक पडू शकते, शेजारची मोठी रक्तवाहिनी फाटू शकते. रिमोट चालवण्याइतका जोर न उरलेला 'संपलेला' सेलही इजा करण्याइतका जिवंत असतो.

ही केवळ पुस्तकी भीती नाही. अमेरिकेत रिमोटमधला बटण-सेल गिळल्याने एका चिमुकलीचा जीव गेला. तिच्या नावाने 'रीझ कायदा' २०२२ साली झाला आणि अशा सेलच्या उपकरणांना मुलांना उघडता न येणारे झाकण सक्तीचे झाले. ऑस्ट्रेलियाने त्याच वर्षी जूनमध्ये बटण-सेलबाबत सक्तीची मानके लागू केली. भारतात खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून बीआयएसचे मानक बंधनकारक आहे. पण रिमोट हे खेळणे म्हणून विकले जात नाही. ते खेळणे ठरवते घरातले मूल. रडणाऱ्या बाळाच्या हातात पहिली वस्तू म्हणून रिमोट देणे हे कोणत्या घरात होत नाही?

शिंदखेड्यासारख्या तालुक्याच्या गावी यात वेळेचा प्रश्न जोडला जातो. अन्ननलिकेत अडकलेला सेल काढायला दुर्बीण, भूल आणि तज्ज्ञ लागतात. जिल्ह्याच्या ठिकाणी श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, पण धुळे चाळीस-पन्नास किलोमीटरवर. एखाद्या वाडीवरून निघायचे, वाहन मिळवायचे, शिंदखेड्याला यायचे आणि तिथून पुढे जायचे, यात दोन तास कधी सरतात ते कळत नाही. त्यात 'नाणे गिळले असेल, केळे खाऊ घाला, उद्या पडून जाईल' हा घरगुती सल्ला आला तर रात्र निघून जाते. सुरुवातीला मूल हसत-खेळत असू शकते. लाळ गळणे, खोकला, खाण्यास नकार ही लक्षणे उशिरा दिसतात किंवा सर्दी-पडसे समजून सोडली जातात.

म्हणून काही गोष्टी घरातल्या प्रत्येकाला पाठ हव्यात. सेल गिळल्याचा नुसता संशय आला तरी थेट क्ष-किरण तपासणीची सोय असलेल्या दवाखान्यात जावे. १०८ला फोन करावा. उलटी करवू नये, केळे-भात भरवू नये. मूल एक वर्षापेक्षा मोठे असेल, सेल गिळून बारा तास उलटले नसतील आणि मूल नीट गिळू शकत असेल, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चहाचे चमचे मध, असे सहा वेळांपर्यंत देता येतो. तो अन्ननलिकेची इजा थोडी लांबवतो. पण मधाची बाटली शोधण्यात एक मिनिटही घालवू नये, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात देऊ नये. डॉक्टरांना 'नाणे' नव्हे, 'सेल असू शकतो' असे स्पष्ट सांगावे आणि शक्य असल्यास तसलाच सेल किंवा रिमोट दाखवायला न्यावा. क्ष-किरणात नाणे आणि सेल प्रथमदर्शनी सारखे दिसतात. सेलच्या कडेला दुहेरी वर्तुळ दिसते. नाकात किंवा कानात गेलेला सेलही तितकाच तातडीचा.

आता पहिल्या प्रश्नाकडे परत: दोघांत चांगला कोणता? जिथे टीव्ही आणि माणूस एकाच खोलीत आहेत तिथे इन्फ्रारेड रिमोट कशातच कमी पडत नाही. तो बिघडला तर तालुक्याच्या बाजारात दोन-तीनशे रुपयांच्या आत दुसरा मिळतो, सेल टाकले की लगेच चालतो. पेअरिंग नाही, पासवर्ड नाही. मुले शिकायला-कमवायला पुण्या-सुरतेला गेली आणि घरात आजी-आजोबाच उरले, तर हा साधेपणा लहान गोष्ट नाही. पेअरिंग तुटलेला टीव्ही म्हणजे बातम्या, हवामान, कीर्तन सगळेच बंद, तेही मुलगा दिवाळीला येईपर्यंत.

पण रेडिओ रिमोटची बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. अर्धांगवायू झालेल्या, हात थरथरणाऱ्या माणसाला रिमोट नेमका रोखणे जमत नाही. त्याच्यासाठी कुठूनही चालणारा रिमोट हा मोठा आधार आहे. अक्षरओळख नसलेल्या आजीला पडद्यावर एकेक अक्षर टिपून भजन शोधता येत नाही. बोलून शोधता येते. अर्थात आयुष्यभर 'माले', 'तुले' बोललेल्या आजीची अहिराणी त्या यंत्राला दर वेळी उमगेलच असे नाही, आणि तिचा आवाज बहुतेक वेळा कंपनीच्या दूरच्या संगणकापर्यंत जातो हेही घरच्यांना ठाऊक असावे. तरी सोय ती सोयच.

तेव्हा एकाला हद्दपार करून दुसरा आणणे हा शहाणपणा नाही. काही कंपन्यांच्या रिमोटमध्ये दोन्ही सोयी असतात: चालू-बंद आणि आवाज इन्फ्रारेडवर, बोलणे आणि बाकीचे काम ब्लूटूथवर. पेअरिंग तुटले तरी टीव्ही निदान सुरू होतो. हीच रीत सगळ्यांनी पाळायला हवी. टीव्हीतून अवरक्त संवेदक काढून टाकून काही रुपये वाचवणे म्हणजे ग्राहकाला एकाच दुकानाच्या दाराशी बांधणे होय. आणि घरात वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक रिमोटचे झाकण, मग आत बटण-सेल असेल तर नक्कीच, स्क्रूने बंद होणारे असले पाहिजे. माळेसोबत फुकट येणारा वीस-तीस रुपयांचा रिमोटही याला अपवाद नको. शासनाने ही तपासणी कागदावर न ठेवता बाजारात करावी; ग्राहकाने तोवर थांबू नये.

खरेदी करताना तीन गोष्टी पाहायला एक मिनिट लागतो. झाकणाला स्क्रू आहे का? सेल साधे पेन्सिलचे आहेत का? पेअरिंग तुटले तर टीव्ही सुरू करता येईल का? घरात आधीच असलेल्या रिमोटचे काम तर आज संध्याकाळी होण्यासारखे आहे. सगळे चपटे रिमोट एका जागी आणावेत, गेल्या दिवाळीच्या माळेचा टेबलाच्या खणात पडलेलाही. ज्यांचे झाकण सैल आहे त्यांचे सेल काढावेत, किंवा झाकण घट्ट चिकटवून ते रिमोट मुलांच्या हाताबाहेर ठेवावेत. काढलेल्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून तो उंचावरच्या डब्यात ठेवावा. केरात नाही, खिडकीत नाही.

रिमोटच्या लहरी भिंतीतून येतील, जातील. त्यांच्याबद्दल निश्चिंत असावे. लक्ष ठेवायचे ते त्या लहानशा झाकणावर, आणि घरात रांगते मूल असेल तर ते आजच तपासावे.